परत आलेलं रक्त

‘बाही खाली घे, दिनकर,’ बापू म्हणाले. ‘गार लागंल.’

मे महिना होता. मिरजेतल्या त्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पंखा फिरत होता आणि नुसता गरम वारा अंगावर फेकत होता. गार लागण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. मी बाही तशीच वर ठेवली.

‘बापू, आम्ही तिघं बसलोय,’ मी म्हणालो. ‘तिघांचाही गट ओ निगेटिव्ह. ती नळी द्या, मी समोर रक्तपेढीत जाऊन येतो.’

‘देतो की. जरा दम काढ. कवठ्याचं पाव्हणं निघाल्यात.’

नळी त्यांच्या शर्टाच्या वरच्या खिशात होती. धनाजीच्या रक्ताचा नमुना आणि डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्ही तिथंच. त्याशिवाय रक्तपेढीवाला कुणाला खुर्चीत बसवत नव्हता. मी एकदा रस्ता ओलांडून विचारून आलो होतो. तो म्हणाला, ‘पेशंटचा नमुना आणा, मग तुमचा हात बघतो.’ त्याचं काही चुकलं नव्हतं.

आत ऑपरेशनच्या खोलीत धनाजी होता. माझा मेव्हणा. सकाळी शेतात ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर चालू असताना त्याच्या पात्यात मांडी सापडली. मोठी शीर तुटली. बरोबरच्या गड्यानं टॉवेल आवळून बांधला, जीप मिळवली, नदीकाठच्या रस्त्यानं मिरजेपर्यंत आणला. जीपच्या मागच्या भागात पाय ठेवायला कोरडी जागा राहिली नव्हती, असं तो गडी सांगत होता. शालनचा, माझ्या बहिणीचा, फोन आमच्या कारखान्यात आला तेव्हा मी मागाखाली आडवा होतो. मी इचलकरंजीत जॉबर आहे, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करतो. तसाच उठलो, रफिक मोमीन आणि महादू या दोघांना गल्लीतून उचललं आणि आम्ही तिघं एका मोटरसायकलवर आलो.

धनाजी मला रक्तपेढीनं दिला. लोकांना मेव्हणे नात्यातून मिळतात, मला खाटेवर मिळाला. तो कॉलेजसाठी आमच्या गावात राहायचा. ओ निगेटिव्हवाले गावात मोजकेच, त्यामुळे कुणाला रक्त लागलं की बोलावणं आम्हालाच. शेजारशेजारच्या खाटांवर आडवे पडून आम्ही हातातला चेंडू दाबत गप्पा मारायचो. रक्त दिल्यावर तिथं जो चहा मिळायचा तो भांडी धुतलेल्या पाण्याच्या लायकीचा होता. एकदा मी त्याला म्हटलं, चल घरी, खरा चहा पाजतो. चहा शालननं केला. चांगला झाला होता, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

आमची जात त्यांच्यापेक्षा खालची. हे मी म्हणत नाही, ते म्हणायचे. दोघांनी कोर्टात लग्न केलं तेव्हा त्याच्या घरच्यांनी दारं लावून घेतली. पुढं तेजू झाली, त्याचे वडील वारले, आणि मग शेती बघायला माणूस हवा म्हणून दोघांना घरी बोलावलं. शालनला आत घेतलं, पण माहेर बाहेरच ठेवलं. तिची सासू, हौसाबाई, आमच्या घरचं पाणी प्यायली नव्हती. थोरले दीर म्हणजे हे बापू. शालन त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. त्यांच्याशी सरळ बोलायची नाही, भिंतीला सांगितल्यासारखं सासूला सांगायची आणि सासू बापूंना सांगायची. आमच्या घरी तिच्या जिभेनं बापाला गप्प केलेलं मी पाहिलं होतं. पण तिला ते घर टिकवायचं होतं, म्हणून ती तसं वागायची, आणि मीही त्या गावात पाय ठेवत नसे.

सिस्टर बाहेर आली. ‘नातेवाईक! रक्त कुठंय? दोनच पिशव्या होत्या, त्या संपल्या.’

‘निघालाय आमचा माणूस,’ बापू उठून म्हणाले. ‘धा मिन्टात येतोय बघा.’

‘सिस्टर, आम्ही बसलोय की,’ मी म्हणालो. ‘आम्ही तिघं.’

‘मग बसलाय कशाला? जा की!’ ती ओरडली आणि आत गेली.

मी बापूंपुढं हात पसरला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ होता. ‘गैरसमज करून घेऊ नगंस, दिनकर. घरचं माणूस येतंय तंवर तुमास्नी कशाला तरास? मामाच्या पोराचं हेच रक्त हाय, त्यो फोनवर म्हणलाय.’

‘येतंय तोवर आमचं घ्या. त्याचं नंतर घालू द्या.’

‘आईला काय सांगू?’ ते एकदम हळू म्हणाले.

हौसाबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. हातात जपमाळ नव्हती, पण ओठ हलत होते. तिला आमचं बोलणं ऐकू येत होतं की नाही कुणास ठाऊक. तिच्यापलीकडे शालन बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

खरं सांगतो, बापू वाईट माणूस नव्हते. भावासाठी त्यांचा जीव तुटत होता. त्यांचे डोळे सुजले होते, पायात चप्पलसुद्धा नव्हती, तसेच जीपमध्ये चढले होते. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट अशी काही घट्ट बसली होती की ती हलवायला त्यांच्याकडे ताकदच नव्हती. ते दारापाशी जात, रस्त्याकडे बघत, परत येत. आणि जाता येता त्यांचा हात खिशावर असे. रफिक मला कानात म्हणाला, ‘हिसकावून घे.’ मी म्हटलं, ‘हिसकावली तर उद्या शालनला त्या घरात कोण उभं करील?’ मी बसून राहिलो, पण माझं डोकं मागाच्या मोटरीइतकं तापलं होतं.

मग डॉक्टर शहापुरे स्वतः बाहेर आले. हातमोज्यांवर रक्त, कपाळावर घाम.

‘शीर बांधलीय,’ ते म्हणाले. ‘पण आत काही उरलं नाही. नुसत्या सलाईननं मी किती ओढू? शरीर आता पोटाचं, हातापायांचं रक्त काढून डोक्याला आणि काळजाला पुरवतंय. असं फार वेळ चालत नाही. निगेटिव्ह मिळत नसेल तर मी पॉझिटिव्ह घालतो. त्याचे धोके आहेत, पण घालतो.’

‘येतोय, साहेब. वाटेतच हाय,’ बापू म्हणाले.

‘मघापासून वाटेतच आहे तो.’

डॉक्टर वळले. आणि शालन उठली. तिचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं सावरलाही नाही. सरळ चालत आली, बापूंसमोर उभी राहिली, आणि त्यांच्या छातीवरच्या खिशात हात घालून नळी आणि चिठ्ठी काढली.

‘अगं ए!’ हौसाबाई ओरडली.

बापू मागे सरकले. त्यांनी तिला अडवलं नाही. विस्तवाचा चटका बसावा तसे ते मागे सरकले. भावजयीचा हात थोरल्या दिराच्या अंगाला लागला होता, आणि तोही चारचौघांत.

‘आण्णा,’ शालन मला म्हणाली, ‘पळ.’

आम्ही तिघंही पळालो.

आमच्या पिशव्या गेल्या, पाठोपाठ सांगलीहून आणखी दोन आल्या. कवठ्याचा मामेभाऊ उन्हं उतरल्यावर आला, साखर कारखान्याच्या टोपीनं वारा घेत. तपासला तर बी पॉझिटिव्ह. ‘आरं, मला वाटलं निगेटिव्ह म्हणजे चांगलं,’ तो म्हणाला. त्यालाही शिव्या घालाव्याशा वाटल्या नाहीत मला, कारण तोपर्यंत धनाजीचा रक्तदाब वर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळे उघडले. काचेच्या खोलीत एकेकाला सोडत होते. मी गेलो तेव्हा त्याच्या ओठांना रंग आला होता. मला बघून तो हसला.

‘काय मेव्हणं,’ तो म्हणाला, आवाज अगदी बारीक, ‘आता आपण सख्खं झालो.’

‘माझं रक्त गेलंय तुझ्यात. आता माग बिघडला की तुला बोलावणार.’

‘पगार किती देशील?’

‘चहा देतो. रक्तपेढीचा.’

त्याला हसताना दुखलं. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम होतं, आणि मला ते गरम असणं एवढं बरं वाटलं की काय सांगू. आदल्या दुपारी स्ट्रेचरवर त्याचा हात लागला होता तेव्हा गार होता.

बाहेर आलो तर हौसाबाई बाकावर माझ्या जागेशेजारी येऊन बसली होती. तिनं थर्मासमधून कपात चहा ओतला आणि कप माझ्यापुढं धरला. तिच्या घरचा कप. ‘घे लेकरा,’ ती म्हणाली. ‘काल माझी मती फिरली हुती. तू परका न्हाईस, माझ्या पोटचाच हाईस.’

मी चहा घेतला. गुळचट होता, पण मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. बापू येणाऱ्या जाणाऱ्या पाव्हण्यांना सांगत होते, ‘ह्यो शालनचा भाऊ. ह्यानं वाचिवला.’ मला हातानं धरून पुढं करत होते. रफिकला त्यांनी जेवायला नेलं, आग्रह करून वाढायला लावलं. शालन दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर मी कितीतरी वर्षांत न पाहिलेलं हसू होतं. मी मनात म्हटलं, एका मांडीच्या जखमेनं जे काम केलं ते आमच्या बापाच्या हातापाया पडण्यानं झालं नव्हतं. आता तेजूला सुट्टीला मामाच्या घरी पाठवतील. एवढा खुळ्यासारखा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

दुपारी धनाजी म्हणाला, पोट दुखतंय.

सिस्टर म्हणाली, गॅस असेल. संध्याकाळपर्यंत पोट फुगलं. पुढच्या सकाळी मी आत गेलो तेव्हा तो गुडघे वर घेण्याची धडपड करत होता. बांधलेला पाय हलत नव्हता, म्हणून एकच गुडघा वर येत होता.

‘दिनू,’ तो म्हणाला, ‘आत कुणीतरी पिळतंय रे. धुणं पिळावं तसं.’

मी हात ठेवायला गेलो तर तो किंचाळला. पोट लाकडासारखं झालं होतं. ओठांचा रंग पुन्हा गेला होता. खालून रक्त पडलंय, असं सिस्टर डॉक्टरांना सांगताना मी ऐकलं. डॉक्टर शहापुरे आले, त्यांनी पोटाला हात लावला आणि एक शब्द न बोलता बाहेर जाऊन ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

या वेळी ते लवकर बाहेर आले. फारच लवकर. सगळे उभे राहिले, मी, शालन, बापू, हौसाबाई, गावाकडची चारपाच माणसं.

‘पोट उघडलं आणि तसंच बंद केलं,’ डॉक्टर म्हणाले. ‘आतडं गेलंय. जवळजवळ सगळं. काळं पडलंय. काढायचं म्हटलं तर ठेवायला काही राहत नाही.’

‘गेलं म्हंजे?’ बापूंनी विचारलं. ‘मार तर पायाला लागला हुता.’

डॉक्टर खाली बसले. बाकावर, आमच्यातच. ते थकले होते आणि मला वाटतं त्यांनाही कुणाला तरी सांगायचं होतं.

‘पायालाच लागला. पण रक्त फार गेलं की शरीर हिशोब करतं. डोकं जगवायचं, काळीज जगवायचं. त्यासाठी पोटाचा पुरवठा तोडतं. आतडं उपाशी राहतं. त्याला रक्त नाही, प्राणवायू नाही. आम्ही रक्त घातलं, रक्तदाब वर आला, आतड्याला पुन्हा रक्त मिळालं. पण इतका वेळ उपाशी राहिलेलं आतडं तो प्राणवायू नीट वापरू शकत नाही. लोखंड गंजतं ना, तेही प्राणवायूनंच. तसंच काहीतरी, पण फार झपाट्यानं. आलेल्या प्राणवायूतूनच जाळणारी द्रव्यं तयार होतात. आतड्याचं आतलं अस्तर जळून जातं. तिथली घाण मग रक्तात उतरते. तो काल बोलत होता, हसत होता, तेव्हाही आत हे चालू होतं.’

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला.

‘किती जळणार,’ डॉक्टर पुढं म्हणाले, ‘हे आधी किती वेळ उपाशी राहिलं त्यावर असतं. थोडा वेळ असेल तर सावरतं. वेळ रस्त्यात गेला, इथंही गेला. कुठं किती, ते मला सांगता येणार नाही. रक्त लवकर मिळालं असतं तर...’

त्यांनी बापूंकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं.

मीही बापूंकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांचा हात नकळत रिकाम्या खिशापाशी गेला आणि तिथंच राहिला. आयुष्यात मी कुणाचा चेहरा इतका उघडा पडलेला पाहिलेला नाही. शालनलाही कळलं होतं. ती भिंतीला धरून उभी होती आणि बापूंकडे बघत होती, पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत.

पण हौसाबाईनं दुसरंच ऐकलं होतं.

‘म्हंजे आदी आतडं चांगलं हुतं,’ ती म्हणाली. ‘रक्त घातलं आन् जळालं.’

‘तसं नाही, आजी. रक्त घातलं नसतं तर त्याच दुपारी...’

‘तुमीच म्हणलासा. रक्त आलं आन् मग जाळलं.’

‘कुणाचंही रक्त असतं तरी तेच झालं असतं.’

‘कुणाचंबी न्हवतं ते,’ हौसाबाई म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. भीती होती. साप घरात घेतला हे माणसाला उशिरा कळावं तशी. ‘कुणाचं हुतं ते मला म्हाईत हाय.’

डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. त्यांनी चांगलं सांगितलं, सोपं करून सांगितलं. पण ते जितकं सांगत गेले तितकं तिचं मत पक्कं होत गेलं, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात रक्त होतं आणि जळणं होतं. गावाकडच्या माणसांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, ‘सोसलं न्हाई म्हणायचं. परकं रक्त.’ मग ते वाक्य व्हरांड्यातून जिन्यापर्यंत आणि जिन्यावरून खाली जीपपर्यंत गेलं. मी ते जाताना ऐकत होतो.

धनाजीला पुन्हा शुद्ध आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. शालन त्याच्याजवळ होती. त्या दोन दिवसांत मला काचेच्या खोलीत जाऊ दिलं नाही. दारावर बापू बसून होते. ते मला नाही म्हणाले नाहीत, नुसते दारात बसून राहिले.

आवारात माणसं जमली. गावाकडून दोन जीप आल्या होत्या. मी ठरवलं होतं. आता सगळ्यांसमोर सांगायचं. आम्ही तिघं बाही वर करून बसलो होतो आणि नळी कुणाच्या खिशात होती, ते सांगायचं. रफिक आणि महादू साक्षीला होते. डॉक्टरही खोटं बोलले नसते. मी शर्टाला तोंड पुसलं आणि निघालो.

नळापाशी शालननं मला गाठलं. ती तोंड धुवायला आली होती, पाणी तसंच गळत होतं.

‘आण्णा, बोलू नकोस,’ ती म्हणाली.

‘का? तू बघितलंस की सगळं. तूच काढलीस नळी.’

‘मी बघितलं. तूबी बघितलंस. बापूंनीबी बघितलंय. आता काय करतूस सांगून?’

‘म्हातारी म्हणती माझ्या रक्तानं जाळला त्याला!’

‘म्हणू दे.’ तिनं माझं मनगट धरलं. सुई टोचलेली जागा दुखली. ‘नीट ऐक. तू सांगितलंस की बापूंच्या उशिरामुळं भाऊ मेला, तर ती म्हातारी आज रातीला जीव देईल, न्हाईतर मला दारात उभी करणार न्हाई. त्या घराचा एकच लेक ऱ्हायलाय आता. त्याच्यावर डाग लावणारी सून कोण ठेवील? तेजूला घिऊन मी कुठं जाऊ? आपल्या त्या दोन खोल्यांत? आई तिथं खोकती, तुझी पोरं भुईवर झोपत्यात.’

‘ये की. काय व्हायचं ते हुईल.’

‘न्हाई. तेजूच्या बापाचं घर हाय ते. तिचा हक्क हाय. ते मी सोडणार न्हाई.’ तिनं मनगट सोडलं नाही. ‘आन् अजून एक. मी नळी काढली, हे सगळ्यांनी बघितलंय. आता मला इचारतील. मी तुझं नाव घेणार हाय. तुझं रक्त वाईट म्हणलं तर तुझं काय जातंय? तू इचलकरंजीला जाशील, माग चालू करशील. तुला कोण इचारणार न्हाई. माझं सगळं जातंय.’

‘शालन, धनाजीचा जीव होता तुझ्यावर...’

‘आण्णा, तुझ्या पाया पडते.’

आणि ती खरंच वाकली. मी तिला वर उचललं. तिनं पदर घेतला, कपाळापर्यंत ओढला आणि माणसांकडे गेली.

हौसाबाई जीपच्या पायरीवर बसली होती. आवारात सगळे होते, शववाहिनी यायची होती.

‘सांग की गं,’ हौसाबाई म्हणाली. ‘कुणी घातलं ते रक्त? तूच न्हवंस का? थोरल्या दिराच्या अंगावर हात टाकून?’

शालननं मान खाली घातली. तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

‘मी भुलले, आत्ती. भावाच्या नादानं भुलले. त्याचं रक्त सोसलं न्हाई ह्यांना. मला काय म्हाईत नव्हतं.’

बाया रडू लागल्या. हौसाबाईनं हंबरडा फोडला आणि तिला कवटाळलं. त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी नळापाशी उभा होतो. बापू पुढं आले. जमिनीकडे बघत म्हणाले, ‘जाऊ द्या आता. तिचा काय दोष न्हाई. घरला चला.’

त्यांनी स्वतः तिच्यासाठी जीपचं दार उघडलं.

शववाहिनी आल्यावर मी मेव्हण्याला खांदा द्यायला पुढं गेलो तर ‘परकं रक्त’ म्हणालेल्या त्या माणसानं मला हातानं अडवलं. मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसता हात आडवा धरला. गाड्या निघाल्या. धूळ बसल्यावर रफिक म्हणाला, ‘चल दिनू.’ मोटरसायकलवर मी मधे बसलो आणि इचलकरंजीपर्यंत मोठ्यानं रडत आलो. रस्त्यावरची माणसं बघत होती.

ती गेली ती गेलीच. आई वारली तेव्हा आली नाही. तेजूचं लग्न झाल्याचं मला बाजारात कळलं. हौसाबाई गेली, बापू गेले. मला वाटायचं, आता तरी येईल. मला तिच्यावर राग नव्हता, खरंच नव्हता. तिनं सौदा केला होता, मी तो मान्य केला होता. एक बरं होतं, आम्हा दोघांना खरं काय ते माहीत होतं. कुठंतरी त्या घरात ती भाकरी थापताना तिला ते आठवत असेल, एवढ्यावर मी ही सगळी वर्षं काढली.

मागच्या वर्षी रक्तपेढीतून फोन आला. मी अजूनही जातो, डॉक्टर नको म्हणेपर्यंत जाणार. बाळंतपणाचं ऑपरेशन होतं, बाई ओ निगेटिव्ह, हाताशी दोन पिशव्या ठेवायच्या होत्या. खुर्चीत बसल्यावर रक्तपेढीतल्या मुलानं पेशंटचं नाव वाचलं. तेजस्विनी. पुढं माहेरचंच, तिच्या वडिलांचं नाव. तिच्यात बापाचाच गट उतरला होता. मला रडू आलं. त्या मुलानं विचारलं, दुखतंय का काका? मी म्हटलं, नाही रे, भर तू.

बाहेर येतो तर काउंटरपाशी शालन उभी होती. केस पांढरे झालेले, एकटीच. तिनं मला बघितलं आणि ती पुढं आली.

‘आण्णा,’ ती म्हणाली. ‘किती वाळलास रं.’

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. पोरांची चौकशी केली, माझ्या गुडघ्यांची केली. पदरानं डोळे पुसले. मी म्हणालो, ‘तेजूसाठीच देऊन आलो आत्ता.’ मग तिनं माझा हात अगदी हलकेच सोडला, काउंटरकडे वळली आणि त्या मुलाला म्हणाली, ‘बाळा, ह्यांची सोडून दुसरी पिशवी मिळंल का? कितीबी वेळ लागला तरी चालंल. आमी थांबतो.’

‘का हो मावशी? गट तोच आहे.’

‘आमच्याकडं ह्यांचं रक्त सोसत न्हाई. माझं मालक त्यानंच गेलं.’

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. नळापाशी होती ती शालन मी शोधत होतो. ऐकायला आसपास कुणीच नव्हतं, सासू नव्हती, दीर नव्हता, गावचं माणूस नव्हतं. तिच्या तोंडावर खोटं बोलणाऱ्या माणसाचं काहीसुद्धा नव्हतं. माझ्याबद्दल माया होती आणि पोटच्या पोरीची काळजी होती.

‘असं कुणी सांगितलं तुम्हाला?’ मुलानं हसून विचारलं.

‘डॉक्टरांनीच सांगितलं हुतं,’ शालन म्हणाली.